भटक्या ओढीच्या कुत्र्याचा सांभाळ : घरात कारवान असताना

कारवान, पश्मी किंवा मुधोळ जातीचा कुत्रा ज्यांनी घरी आणला आहे, त्यांच्याकडून पहिल्या वर्षभरात एक तक्रार हमखास ऐकू येते. कुत्रा गुणी आहे, घरच्यांशी शांत आहे, घरात घाण करत नाही. परंतु फाटक वीतभर उघडे राहिले, की तो बघता बघता दिसेनासा होतो आणि कितीही हाका मारल्या तरी मागे वळून पाहत नाही. ही तक्रार करणाऱ्याला सहसा दोनच सल्ले मिळतात. साखळीने बांधून ठेवा, हा एक. आणि जाऊ द्या, भूक लागली की येईल, हा दुसरा. हे दोन्ही सल्ले कुत्र्याच्या मुळावर येणारे आहेत. या जातीचा कुत्रा आनंदाने आणि सुरक्षितपणे सांभाळता येतो, मात्र त्यासाठी त्याच्या धावेला रोजची हक्काची जागा द्यावी लागते आणि आपली हाक त्याच्या लेखी मोलाची करावी लागते. पुढील मजकूर मुख्यतः कारवानाबद्दल आहे. तथापि बीगल, हस्की किंवा चपळ गावठी कुत्रा पाळणाऱ्यांनाही त्यातील बराच भाग उपयोगी पडेल.

तो जातो कशासाठी

लातूर, सोलापूर, सांगली आणि लगतच्या उत्तर कर्नाटकातील माळरानांवर ही कुत्री पिढ्यानपिढ्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी वाढवली गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांच्या जोपासनेकडे जाणीवपूर्वक लक्ष दिले आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना या कुत्र्यांची जोडी भेट दिली. तेव्हापासून मुधोळ हे नाव त्यांना चिकटले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी जातींच्या कुत्र्यांवर जी तिकिटे काढली, त्यांतही मुधोळाचा समावेश होता. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे, की या कुत्र्याला माणसाने ज्या कामासाठी घडवले, ते काम माणसापासून दूर जाऊनच करायचे होते. मेंढपाळाचा कुत्रा पावलोपावली मालकाकडे पाहतो, कारण त्याचे काम मालकाच्या इशाऱ्यावर चालते. कारवान दूरवरची हालचाल डोळ्यांनी टिपतो आणि हुकमाची वाट न पाहता निघतो. हाकेकडे त्याने केलेले दुर्लक्ष हा उद्धटपणा नव्हे, हे एकदा मनाशी पक्के झाले, की मालकाचा संताप बराच ओसरतो आणि शिकवणे सोपे जाते.

तरीही प्रत्येक पळण्यामागचे कारण शिकार हेच असते असे नाही, आणि कारण ओळखल्याशिवाय उपाय लागू पडत नाही. मांजर, ससा, मुंगूस किंवा वाऱ्याने उडालेली प्लास्टिकची पिशवी पाहून जो कुत्रा झेपावतो, तो सरळ रेषेत जातो आणि पाठलाग संपला, की पुष्कळदा गोंधळून जागीच थांबतो. माजावर आलेल्या कुत्रीच्या वासाने निघालेला नर मात्र दिवसेंदिवस परत येत नाही. फटाक्यांना किंवा गडगडाटाला घाबरलेला कुत्रा वाट फुटेल तिकडे पळतो आणि ओळखीच्या माणसालाही हुलकावणी देतो. चौथा प्रकार कंटाळ्याचा आहे आणि माझ्या मते शहरांतील बंगल्यांत तोच सर्वाधिक आढळतो: दिवसभर अंगणात एकटा राहिलेला तरुण कुत्रा कुंपणापलीकडचे जग पाहायला जातो, कारण कुंपणाच्या आत त्याच्यासाठी काहीही घडत नसते. आपला कुत्रा कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने आणि काय पाहून किंवा ऐकून गेला, याची वहीत थोडक्यात नोंद ठेवावी. काही आठवड्यांतच कारण आपोआप स्पष्ट होते.

साखळीबद्दल येथेच सांगणे आवश्यक आहे. दिवसभर खुंटीला बांधायचे आणि रात्री मोकळे सोडायचे, ही आपल्याकडे वस्त्यांवर आणि बंगल्यांतही रूढ झालेली पद्धत आहे. दिवसभर बांधलेल्या कुत्र्याच्या अंगात साचलेला जोर सुटल्याबरोबर त्याला थेट रस्त्यावर नेतो, आणि बांधून ठेवल्याने तो जाणाऱ्या-येणाऱ्यांवर अधिकाधिक भुंकू व धावू लागतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ प्राणी बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. दुसऱ्या बाजूने, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी दक्षता न घेणे हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे गुन्हाच आहे. दुचाकीसमोर अचानक आडवा आलेला कुत्रा स्वतः मरतो आणि दुचाकीस्वारालाही घेऊन जातो. त्यामुळे मोकळे सोडणे हे प्रेमाचे लक्षण समजू नये.

कुंपण, फाटक आणि दार

कुत्रा घरी येण्यापूर्वीच, आणि आधीच आला असल्यास या आठवड्यातच, कुंपणाच्या कडेने गुडघ्यांवर बसून एक फेरी मारावी. उभ्याने पाहताना जे दिसत नाही ते कुत्र्याच्या उंचीवरून दिसते: पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी ठेवलेले भोक, तारेच्या जाळीचा खालचा सुटलेला कोपरा, फाटकाच्या दोन झडपांमधील फट. कारवानाची छाती खोल असली तरी अरुंद असते, आणि तिथून तो जाणार नाही असे वाटणाऱ्या फटीतून तो सहज बाहेर पडतो. पाच फुटी भिंत तरुण कारवानाला अडवू शकत नाही. सहा फूट उंची हवी, आणि भिंतीलगत पाण्याची टाकी, विटांचा ढीग किंवा लाकडे असतील तर ती हलवायला हवीत, कारण त्यांच्यावर पाय देऊन तो वर चढतो. उकरण्याची सवय असल्यास जाळीच्या पायथ्याशी जमिनीत हातभर खोल फरशा उभ्या गाडाव्यात.

भिंतीपेक्षाही फाटक अधिक घात करते, कारण भिंत उघडी राहत नाही. दूध टाकणारा, गॅस सिलिंडर आणणारा, कुरिअरवाला, शाळेतून आलेली मुले या सर्वांसाठी फाटक उघडते, आणि यांतील कोणालाही कुत्र्याची सवय ठाऊक असेलच असे नाही. शक्य असेल तेथे फाटकाच्या आत चार-पाच फुटांवर दुसरे लहान जाळीचे दार बसवावे, म्हणजे एक उघडताना दुसरे बंद राहील. फ्लॅटमध्ये सुरक्षा दार आणि मुख्य दार या दोन्हींचा याच रीतीने उपयोग होतो. फाटकाला आपोआप बंद होणारी स्प्रिंग आणि कुत्र्याच्या नाकाने उचलली न जाणारी कडी लावावी.

यासोबतच कुत्र्याला दारात थांबायला शिकवावे. लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, लावून दारापाशी उभे राहावे आणि दार बोटभर उघडावे. तो पुढे सरकला, की न बोलता दार बंद करावे. तो मागे सरून उभा राहिला किंवा बसला, की पुन्हा उघडावे. दार पूर्ण उघडे असतानाही तो आपल्या तोंडाकडे पाहत थांबला, की मगच ‘चल’ म्हणून बाहेर पडावे. रोज फिरायला निघताना हे केले, तर त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि ‘दार उघडले म्हणजे निघायचे’ हे समीकरण हळूहळू पुसले जाते.

पट्टा, हार्नेस आणि ओळख

कारवानाचे डोके त्याच्या मानेच्या मानाने अरुंद असते. साधा गळपट्टा घट्ट दिसत असला तरी कुत्रा एकदा मागे सरकला, मान खाली घातली आणि डोके किंचित वळवले, की पट्टा कानांवरून निसटून आपल्या हातात लोंबत राहतो. म्हणून या कुत्र्यांसाठी मार्टिंगेल प्रकारचा रुंद पट्टा घ्यावा. ताण आला की तो ठरावीक मर्यादेपर्यंत आवळतो आणि ताण सुटला की सैल होतो. पूर्ण आवळलेल्या अवस्थेत त्याचा घेर कानांमागच्या मापाइतका असावा, आणि सैल असताना त्याखाली दोन बोटे सहज जावीत. गळ्याला फास बसणारी साखळी वापरू नये. लांब दोरी लावायची असेल तेव्हा ती गळ्याला न लावता हार्नेसलाच, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यालाच, लावावी, कारण पूर्ण वेगातील कुत्रा दोरीच्या टोकाशी पोहोचला, की मानेला बसणारा हिसका गंभीर इजा करू शकतो.

पट्ट्यावर मोबाइल क्रमांक कोरलेला पितळी किंवा स्टीलचा बिल्ला असावा. कुत्र्याच्या नावापेक्षा क्रमांक मोठा असावा, आणि शक्य असल्यास घरातील दोन क्रमांक असावेत. पट्टा हरवू शकतो, म्हणून खांद्याच्या फऱ्यांमध्ये कातडीखाली मायक्रोचिप बसवून घ्यावी. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप यंत्राने वाचली, की पंधरा अंकी क्रमांक दिसतो, आणि त्या क्रमांकाशी आपले नाव व फोन जोडलेला असेल तर मालकी सिद्ध होते. अनेकांचा असा समज असतो, की चिपमुळे कुत्रा कुठे आहे ते कळते. तसे होत नाही. ठावठिकाणा कळण्यासाठी जीपीएसचे वेगळे यंत्र पट्ट्याला लावावे लागते, त्यात सिम कार्ड असते आणि ते मोबाइलच्या रेंजवर चालते. सह्याद्रीच्या दऱ्यांत रेंज नसेल तर ते मुके होते. ब्लूटूथवर चालणाऱ्या लहान टॅगला आसपास इतरांचे फोन असावे लागतात, त्यामुळे पुण्याच्या पेठांत तो उपयोगी पडेल, जतच्या माळावर पडणार नाही. महानगरपालिका हद्दीत राहणाऱ्यांनी कुत्र्याचा परवाना वेळच्या वेळी काढावा. कुत्रा पालिकेच्या गाडीतून नेला गेला, तर परवाना आणि लसीकरणाची वही हीच आपली कागदपत्रे असतात.

रोजची धाव

कारवान दिवसभर धावणारा कुत्रा नव्हे. तो काही मिनिटे जीव तोडून धावतो आणि मग तासन्‌तास झोपतो. त्याला ती काही मिनिटे मिळाली, तर तो घरात अत्यंत शांत असतो. मिळाली नाहीत, तर तो ती स्वतः मिळवतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास लीशवर चालवणे हा पाया समजावा, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा पूर्ण कुंपण असलेल्या जागेत त्याला मोकळे धावू द्यावे. सुटीच्या दिवशी शाळेचे मैदान, मित्राचा कुंपण घातलेला प्लॉट, डाळिंबाच्या बागेभोवतीची जाळी लावलेली जागा, असे काहीतरी शोधल्यावर सापडते, आणि परवानगी मागितली तर लोक सहसा नाही म्हणत नाहीत. जागा लहान असेल तर लांब काठीच्या टोकाला दोरी आणि दोरीला फडके बांधून ते जमिनीलगत फिरवावे. दहा मिनिटांत कुत्र्याची पाठलागाची हौस भागते. मात्र प्रत्येक वेळी शेवटी ते फडके त्याला पकडू द्यावे. वर्ष-दीड वर्षापर्यंत, म्हणजे हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, दुचाकीबरोबर पळवणे आणि उंच उड्या मारायला लावणे टाळावे. दुचाकीला बांधून पळवणे तर कोणत्याही वयात करू नये.

पायांइतकेच नाकालाही काम हवे. फिरायला नेताना त्याला ओढत नेण्यापेक्षा निम्मा वेळ त्याच्या मर्जीने हुंगू द्यावे. एका विजेच्या खांबाशी तो दोन मिनिटे थांबला, तर ती दोन मिनिटे वाया गेली असे समजू नये. जेवणाचा काही भाग ताटलीत न देता अंगणातील गवतात विखरून टाकावा, जुन्या फडक्याच्या गाठींत बांधून द्यावा, किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदांखाली लपवावा. भाकरीचे तुकडे शोधण्यात अर्धा तास घालवलेला कुत्रा कुंपणाची फट शोधायला जात नाही.

हाकेला येणे

सर्वांत अधिक वेळ येथे द्यावा, कारण कुंपण, पट्टा आणि यंत्र ही सारी साधने फसली, तरी हाक उरते.

प्रथम हाकेचा शब्द ठरवावा, आणि तो त्याच्या नावापेक्षा वेगळा असावा. दिवसभरात आपण त्याचे नाव शंभर कारणांनी घेतो आणि ‘ये’ हा शब्दही घरात सतत कोणी ना कोणी कोणाला तरी म्हणतच असतो. त्यामुळे या दोन्हींना धार राहत नाही. ‘हुर्रे’, ‘आलो-आलो’ यांसारखा एरवी न वापरला जाणारा, मोठ्याने आणि आनंदाने ओरडता येणारा शब्द निवडावा, किंवा खेळाच्या दुकानात मिळणारी शिट्टी वापरावी. शिट्टीचा फायदा असा, की ती दूरवर जाते आणि तिच्यात आपला राग किंवा भीती उतरत नाही. शब्द कोणताही असो, घरातील आजी-आजोबांपासून लहान मुलांपर्यंत सर्वांनी तोच वापरावा.

सुरुवात स्वयंपाकघरात करावी. कुत्रा दोन पावलांवर असताना शब्द उच्चारावा आणि लगेच तोंडात काहीतरी उत्तम द्यावे. उत्तम म्हणजे रोजचे बिस्किट नव्हे: उकडलेली कोंबडीची कलेजी, उकडलेले अंडे, पनीरचा तुकडा, असे जे त्याला इतर कोणत्याही वेळी मिळत नाही ते. (बेदाणे आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, कांदा आणि चॉकलेटही विषारी असते, सांगली-तासगावकडील घरांत बेदाणा हाताशी असतो, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे.) पहिले काही दिवस हे असे चालावे, की त्या शब्दानंतर कलेजी येते हे सूर्य उगवण्याइतके निश्चित आहे असे कुत्र्याला वाटू लागेल. मग दुसऱ्या खोलीतून हाक मारावी, मग गच्चीवर, मग अंगणात. प्रत्येक नव्या जागी पुन्हा दोन पावलांपासून आरंभ करावा. गच्चीवर येणारा कुत्रा मैदानावरही येईल असे गृहीत धरू नये.

मैदानावर जाताना हार्नेसला दहा मीटरची मजबूत दोरी लावावी. डबीत गुंडाळली जाणारी बारीक दोरी या कामी घेऊ नये, कारण ती बोटे कापते आणि धावत्या कुत्र्याच्या ओढीने हातातून सुटली, की डबी खडखडत त्याच्या मागे जाते व तो आणखी घाबरतो. दोरी मनगटाला गुंडाळू नये. कुत्रा हुंगण्यात रमला असताना एकदाच हाक मारावी. तो वळला, की त्याच क्षणी तोंडभर कौतुक सुरू करावे, आपण चार पावले मागे धावावे आणि तो पोहोचला, की एकामागून एक तीन-चार तुकडे द्यावेत. तो वळला नाही तर हाकांचा भडिमार करू नये. न ऐकलेली प्रत्येक हाक त्या शब्दाचे मोल उतरवते. अशा वेळी दोरीने हळूच थांबवावे, जवळ जावे आणि पुढच्या वेळी कमी अंतरावरून प्रयत्न करावा.

कारवानाच्या बाबतीत एक गोष्ट बारकाईने पाहण्यास शिकावी लागते, आणि ती पुस्तकातून न शिकता त्याच्याबरोबर चालूनच शिकता येते. धाव घेण्यापूर्वी तो थबकतो. धापा टाकणारे उघडे तोंड एकाएकी मिटते, एरवी मागे दुमडलेले कान मुळापासून उचलले जातात, मान लांब होते, शेपटी हलायची थांबते आणि पुष्कळदा पुढचा एक पाय जमिनीवरून किंचित उचललेला राहतो. हे फार तर दोन-तीन सेकंद टिकते. या अवधीत मारलेली हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचते. मागच्या पायांनी माती उडवली, की मग पोहोचत नाही. म्हणून फिरताना फोन खिशात ठेवावा आणि नजर कुत्र्यावर ठेवावी. त्या क्षणी हाक ऐकून जो कारवान मान वळवतो, त्याने आपल्या रक्तातील ओढीवर मात केलेली असते, आणि त्याला खिशात असेल नसेल ते सारे खाऊ घालावे.

दोन गोष्टी हाकेचा कायमचा नाश करतात. पहिली म्हणजे परत आलेल्या कुत्र्याला मारणे किंवा रागावणे. तासाभराने घरी आलेल्या कुत्र्याला चपराक बसली, तर ती पळून जाण्याबद्दल आहे हे त्याला कळत नाही. आपल्याजवळ आले की मार बसतो एवढेच कळते. मनात कितीही संताप असला तरी आलेल्या कुत्र्याचे स्वागतच करावे. दुसरी गोष्ट म्हणजे हाक नेहमी खेळ संपवण्यासाठी वापरणे. आंघोळ घालायला, औषध पाजायला किंवा घरी न्यायला हाक मारू नये, त्या वेळी स्वतः जाऊन पट्टा धरावा. मैदानावर दहा वेळा बोलावले तर नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा सोडून द्यावे, म्हणजे आपल्याकडे येणे आणि मौज संपणे यांची सांगड त्याच्या मनात बसत नाही.

इतके करूनही रस्त्यालगत, रेल्वेमार्गाजवळ आणि उघड्या माळावर कारवानाला लीशविना सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काळविटांच्या आणि चिंकारांच्या प्रदेशात तर नाहीच. बारामतीजवळच्या सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्याच्या परिसरात किंवा सोलापूरच्या माळढोकांसाठी राखलेल्या माळावर कुत्र्याने वन्यजीवांमागे लागणे हे त्या प्राण्यांच्या जिवावर बेतते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करून हाकणेही येते. ससाही याच कायद्याने संरक्षित आहे. कारवानाला सशामागे सोडण्याची जुनी हौस आज बेकायदा आहे आणि ती सोडून देणेच योग्य आहे.

भाद्रपद, दिवाळी आणि ऊस

वर्षातील काही काळ अधिक सावध राहण्याचा असतो. श्रावण संपला, की गल्लीतील कुत्र्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो, आणि भाद्रपदात एरवी घर न सोडणारा नरही रात्रभर दाराशी कण्हतो. खच्चीकरण केल्याने वासामागे जाणे बहुतेक नरांत बरेच कमी होते, मारामाऱ्याही कमी होतात. परंतु सशामागे किंवा मांजरामागे धावणे त्याने कमी होत नाही, हे आधीच समजून घ्यावे, म्हणजे नंतर निराशा होत नाही. मोठ्या चणीच्या कुत्र्यात शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी, हे पशुवैद्याला विचारून ठरवावे आणि भूल देण्यापूर्वी हा शिकारी चणीचा, अंगावर चरबी नसलेला कुत्रा आहे, याची त्यांना आठवण द्यावी, कारण अशा कुत्र्यांच्या अंगातून काही भुलीची औषधे सावकाश उतरतात. मादी माजावर असताना सुमारे तीन आठवडे तिला अंगणातही एकटी सोडू नये.

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीच्या दिवशी आणि दिवाळीत फिरणे ऊन उतरताच, फटाके सुरू होण्यापूर्वी उरकावे, स्वतःच्या अंगणातही लीश लावूनच न्यावे, आणि संध्याकाळी त्याला घरातील सर्वांत आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू ठेवून कोणाच्या तरी सोबतीने बसवावे. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्य औषध देऊ शकतात, पण ते आठवडाभर आधी विचारावे. मराठवाडा-विदर्भात उन्हाळ्याचे फिरणे सूर्योदयापूर्वीच संपवावे. डांबरावर हाताचा पालथा तळवा सात सेकंद ठेवता आला नाही, तर कुत्र्याचे पंजेही तेथे ठेवू नयेत.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या ऊसपट्ट्यांत राहणाऱ्यांसाठी भटक्या कुत्र्याचा प्रश्न मूलतः बिबट्याचा प्रश्न आहे. अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा भक्ष्याच्या एकूण वजनात सर्वांत मोठा, म्हणजे ३९ टक्के, वाटा कुत्र्यांचा निघाला. अशा गावांत दिवस मावळल्यावर कुत्रा घराच्या आत किंवा वरूनही बंद असलेल्या जाळीच्या खोलीत असावा. उघड्या ओसरीवर साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्याला आयता सापडतो, आणि त्याच्या मागोमाग बिबट्या घरातील माणसांच्याही जवळ येतो.

निसटलाच तर

तो डोळ्यांसमोर असेल, तर मागे धावू नये. कारवानाला धावत गाठणे माणसाच्या आवाक्यातील नाही, आणि त्याला तो खेळ वाटतो. त्याच्या विरुद्ध दिशेने आनंदाने ओरडत पळावे, खाली बसावे, जमिनीवर काहीतरी शोधत असल्याचे दाखवावे किंवा गाडीचे दार उघडून किल्ली वाजवावी. तो जवळ आला, की त्याच्यावर झडप न घालता खाऊ पुढे करावा आणि छातीखालून पट्ट्याला हात घालावा.

तो दिसेनासा झाला असेल, तर पहिल्या तासात सर्वांनी एकाच दिशेला जाऊ नये. एकाने घरी फाटक उघडे ठेवून थांबावे, एकाने तो शेवटचा दिसला त्या जागी थांबावे, कारण पाठलाग संपल्यावर पुष्कळ कुत्री तेथेच परत येतात, आणि बाकीच्यांनी शोध घ्यावा. तेथून निघावेच लागले, तर घरातील न धुतलेली चादर किंवा त्याचे अंथरूण व पाण्याचे भांडे ठेवावे. शहरात हरवलेला कुत्रा स्वतःच्या मर्जीने फिरत नसतो. प्रत्येक गल्लीतील कुत्री त्याला पुढच्या गल्लीत हुसकतात. त्यामुळे भुंकण्याचा गलबला कोणत्या दिशेने सरकला, हे रात्रपाळीच्या वॉचमनला, चहाच्या टपरीवाल्याला, पहाटे येणाऱ्या दूधवाल्याला, पेपर टाकणाऱ्या मुलांना, घंटागाडीवरील कर्मचाऱ्यांना आणि गल्लीतील कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या मावशी-काकांना विचारावे. बातमी याच मंडळींकडून मिळते. पालिकेच्या निर्बीजीकरण केंद्रात स्वतः जाऊन पाहावे, केवळ फोनवर विचारून समाधान मानू नये.

सोसायटीच्या आणि परिसराच्या व्हॉट्सॲप गटांवर फोटो पाठवताना कुत्र्याचा बाजूने काढलेला पूर्णाकृती फोटो, हरवल्याची जागा, वेळ आणि फोन क्रमांक द्यावा, आणि ‘दिसल्यास पाठलाग करू नका, फक्त फोटो काढून जागा कळवा’ हे ठळकपणे लिहावे. पोटावरील ठिपका किंवा कानावरील व्रण अशी एक खूण मात्र जाहिरातीत लिहू नये. कुत्रा सापडल्याचे सांगून आधी पैसे मागणारे फोन हमखास येतात, आणि ती खूण विचारली, की खरे-खोटे लगेच कळते. दुसऱ्या दिवसापासून पहाटेची वेळ महत्त्वाची असते, कारण रहदारी थांबलेली असते आणि घाबरलेला कुत्रा खाणे-पाणी शोधायला त्याच वेळी बाहेर पडतो. तो दुरून दिसला तर त्याच्या नावाने कल्ला न करता, त्याच्याकडे रोखून न पाहता, बाजूला तोंड करून खाली बसावे आणि घरच्या बोलण्याच्या आवाजात बोलत राहावे. मालकालाही न ओळखल्यासारखा तो वागला, तर खचून जाऊ नये. भीतीने भेदरलेल्या कुत्र्याला भानावर यायला वेळ लागतो.

परत आल्यावर

प्रथम पाणी थोडे थोडे द्यावे आणि नेहमीच्या निम्मे जेवण द्यावे. मग उजेडात बसवून सर्वांगावरून केसांच्या उलट दिशेने बोटे फिरवावीत: कानांच्या आत, काखेत, बोटांच्या मधे आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड लपतात, आणि त्यांच्यामुळे येणारा ताप आठ-पंधरा दिवसांनी, सारे विसरले गेल्यावर डोके वर काढतो. तो खाणे टाळू लागला, हिरड्या फिकट दिसल्या किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे रक्त तपासून घ्यावे. पावसाळ्यात तो डबक्यांतून फिरला असेल, तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यताही त्यांना सांगावी. दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची जखम आढळली, तर हातमोजे घालून ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजची वार्षिक लस झालेली असली, तरीही लगेच पशुवैद्याकडे न्यावे. जखम धुणाऱ्याच्या हातावर ओरखडा असेल, तर त्यानेही स्वतःच्या डॉक्टरांना विचारावे.

कुत्रा झोपला, की तो कोठून गेला ती जागा शोधावी. जो कारवान एका फटीतून गेला, तो पहिल्या संधीला त्याच फटीपाशी परत जाऊन पाहतो, म्हणून ती फट अंधार पडण्यापूर्वी, तात्पुरती विटा रचून का होईना, बुजवावी आणि पुढचे दोन आठवडे अंगणातही त्याच्याबरोबर दहा मीटरची दोरी धरून जावे.